लाकडाची पारख आणि यंत्राचा वेग

अंबरनाथ आणि उल्हासनगरच्या परिसराला लाकूड नवे नाही आणि यंत्रेही नवी नाहीत. अंबरनाथला विमको कंपनीचा आगपेट्यांचा कारखाना होता. आगकाडीसाठी आपल्याकडे सावरीसारखे हलके, सरळ चिरणारे लाकूड वापरले जाई. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात मुंबईपासून कर्जतपर्यंतची गिऱ्हाइके येतात. यंत्रे बनवणारी यंत्रे तयार करणारी मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरीही अंबरनाथमध्येच आहे. याच तालुक्यातल्या पालेगावकडे आता नव्या वसाहती उभ्या राहिल्या आहेत. घराघरांतून सुतारकाम निघते आणि प्लायचे व लाकडाचे तुकडे उरतात. विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकाला हा कचरा म्हणजे फुकटची प्रयोगसामग्री आहे.

अलीकडे काही शाळांत लहान सीएनसी यंत्रे आली आहेत. २०१६ पासून सुरू झालेल्या अटल टिंकरिंग लॅबमुळे शाळांना अशा साधनांची ओळख झाली. महाराष्ट्राला हा विचार त्याही आधीपासून माहीत आहे. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत शिकणे हा त्याचा पाया होता. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या बाहेर सुरू झालेल्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक २००२ मध्ये पाबळलाच सुरू झाली. खेड्यातल्या मुलांनी संगणकाने चालणारी यंत्रे वापरून गरजेच्या वस्तू बनवाव्यात, हा त्यामागचा हेतू.

परंतु यंत्र आले म्हणजे वस्तू बनली असे होत नाही. पुष्कळ ठिकाणी असे दिसते की पहिल्या आठवड्यात दोन-चार कटर मोडतात, लाकूड जळकट होते, एकमेकांत बसायला हवे ते भाग बसत नाहीत, आणि मग यंत्रावर कापड पडते ते पडतेच. दोष यंत्राचा नसतो. यंत्राला लाकूड कळत नाही. ते आपल्याला कळावे लागते. या लेखात आपण दोन प्रश्न पाहू: कोणत्या कामाला कोणते लाकूड घ्यावे, आणि ते कापताना यंत्राला कोणता वेग द्यावा?

यंत्र काय करते?

सीएनसी म्हणजे संगणकाने दिलेल्या आकड्यांनुसार चालणारे यंत्र. १९५२ मध्ये एमआयटीत असे पहिले मिलिंग यंत्र लोकांना दाखवण्यात आले. त्यामागची मूळ कल्पना जॉन पार्सन्स यांची होती. हेलिकॉप्टरच्या पात्यांचे अवघड आकार अचूक तपासण्याच्या आणि कापण्याच्या गरजेतून ती सुचली. त्या यंत्राला हुकूम छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीवरून मिळत. आज टेबलावर मावणाऱ्या यंत्रात तेच काम तळहाताएवढी इलेक्ट्रॉनिक पाटी करते.

यंत्रात तीन स्क्रू असतात. एक डावी-उजवीकडे, दुसरा पुढे-मागे आणि तिसरा वर-खाली सरकवतो. प्रत्येकाला स्वतंत्र मोटर असते. वर एक वेगाने फिरणारी मोटर असते, तिला स्पिंडल म्हणतात. तिच्या तोंडाशी कटर बसवलेला असतो. कटर दिसायला ड्रिलसारखा असतो, पण त्याला कडेलाही धार असते. त्यामुळे तो भोक पाडतो आणि आडवा सरकत खाचही पाडतो. लहान यंत्रांत बहुधा ३.१७५ मि.मी. जाडीच्या दांड्याचा कटर बसतो. हा आकडा विचित्र वाटतो, पण आपल्या सुतारांना तो पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. इंचाचा आठवा भाग म्हणजे त्यांचे एक सूत!

लाकूड आतून कसे असते?

धातूचा किंवा प्लॅस्टिकचा तुकडा कोणत्याही दिशेने कापला तरी साधारण सारखाच वागतो. लाकडाचे तसे नाही. झाडाच्या खोडात लांबट पेशी उभ्या रचलेल्या असतात. स्ट्रॉ घट्ट बांधून जुडी केली तर जशी दिसेल, तशी लाकडाची रचना असते. जुडी उभी चिरायला सोपी, आडवी तोडायला अवघड. म्हणूनच कुऱ्हाडीने ओंडका उभा फुटतो, आडवा तोडताना घाम निघतो.

एक गोष्ट विद्यार्थ्यांना जरूर सांगावी. पेशींच्या भिंती ज्या पदार्थाच्या बनलेल्या असतात त्याची घनता सर्व झाडांत जवळपास सारखीच, म्हणजे घन सेंटिमीटरला सुमारे १.५ ग्रॅम असते. मग सावर हलकी आणि खैर जड का? फरक पडतो तो आतल्या पोकळीमुळे. सावरीच्या कोरड्या लाकडाची घनता ०.३५ ते ०.४० असते, म्हणजे त्याचा सुमारे पाऊण भाग पोकळच असतो. सागाची घनता ०.६५ च्या आसपास असते. बाभूळ आणि शिसव ०.८ च्या आगेमागे असतात. खैर तर १ च्या जवळ जातो. कटरच्या दाताला किती भिंती तोडाव्या लागणार, हे घनतेवरून कळते. त्यामुळे नव्या लाकडाची पहिली परीक्षा वजनकाट्यावर करावी. १० सें.मी. लांब, ५ सें.मी. रुंद आणि २ सें.मी. जाड तुकड्याचे घनफळ बरोबर १०० घन सें.मी. होते. त्याचे वजन ६५ ग्रॅम भरले तर घनता ०.६५. गणित तोंडी होते.

पावसाळ्याचे गणित

लाकूड हवेतील ओलावा घेते आणि सोडते. ओलावा घेताना ते फुगते, सोडताना आकसते. हे फुगणे-आकसणे तिन्ही दिशांना सारखे नसते. ओल्या अवस्थेपासून पूर्ण कोरडे होईपर्यंत सागवान वर्तुळी वलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आकसते. गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या त्रिज्येच्या दिशेने ते सुमारे २.५ टक्के आकसते. लांबीच्या दिशेने आकसणे इतके थोडे असते की ते सोडून दिले तरी चालते.

हे आपल्या कामाला कसे लागू पडते ते पाहू. पेशींच्या भिंतींत मावेल तेवढा ओलावा साधारण ३० टक्के असतो. त्याखाली गेल्यावर लाकूड आकसू लागते. पावसाळ्यात हवेची सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के असेल, तर लाकडातला ओलावा हळूहळू १७ ते १८ टक्क्यांवर जाऊन स्थिरावतो. कोरड्या हवेत आर्द्रता ५० टक्के असेल, तर तो ९ टक्क्यांच्या आसपास येतो. म्हणजे दोन ऋतूंत साधारण ८ टक्क्यांचा फरक.

आता समजा, जुलै महिन्यात सागाच्या फळीतून १०० मि.मी. व्यासाची गोल चकती कापली. ३० पैकी ८ टक्के ओलावा गेला, म्हणजे आकसण्याच्या एकूण मर्यादेपैकी सुमारे २७ टक्के आकसणे झाले. ५.८ टक्क्यांचे २७ टक्के म्हणजे दीड टक्का. फळीची रुंदी वलयांच्या दिशेने असेल, तर जानेवारीत चकती रुंदीला ९८.५ मि.मी. होईल. लांबीला ती जवळजवळ १०० मि.मी.च राहील. गोल चकती अंडाकृती होईल! आपले यंत्र ०.१ मि.मी. पर्यंत अचूक कापत असेल, तर ऋतू त्याच्या पंधरापट चूक करून ठेवतो. रंग किंवा व्हार्निश लावले तर ओलाव्याची ये-जा मंदावते, पण थांबत नाही.

यावरून तीन नियम निघतात. पहिला, लाकूड आणल्याबरोबर कापू नये. ज्या खोलीत वस्तू वापरायची त्याच खोलीत फळ्या, मध्ये पट्ट्या ठेवून, दोन-तीन आठवडे रचून ठेवाव्यात. दुसरा, एकमेकांत बसणारे भाग एकाच दिवशी, एकाच फळीतून कापावेत. तिसरा, ज्या मापात चूक चालणार नाही ते माप शक्यतो तंतूंच्या लांबीच्या दिशेने घ्यावे.

लाकडातला ओलावा शाळेत मोजता येतो. लहान तुकड्याचे वजन करावे. तो १०० अंशांपेक्षा किंचित जास्त तापमानाच्या भट्टीत ठेवावा आणि वजन कमी होणे थांबेपर्यंत दर तासाने पुन्हा वजन करावे. गेलेल्या पाण्याला कोरड्या वजनाने भागले की ओलावा मिळतो. ५६ ग्रॅमचा तुकडा ५० ग्रॅम झाला, तर ओलावा ६ भागिले ५०, म्हणजे १२ टक्के. हाच प्रयोग जुलैत आणि जानेवारीत केला तर मुलांना वरचे गणित हातात आल्यासारखे वाटेल.

कोणते लाकूड कशासाठी?

सावर आणि पांगारा: हलके, मऊ. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांसाठी पांगाऱ्याचा वापर पूर्वीपासून होत आला आहे. यंत्राला त्रास होत नाही, पण धार जरा बोथट असली की तंतू तुटण्याऐवजी दबतात आणि कडेला तूस उठते. आकार जमतो का हे पाहण्यासाठी उत्तम.

शिवण: घनता ०.५ च्या आसपास. ऋतूंनुसार फारसे हलत नाही आणि सहज कापले जाते. कोरीव नक्षी, उठावाचा नकाशा, साचे यांसाठी नव्या माणसाला याहून चांगले लाकूड मिळणे कठीण.

हेदू: पिवळसर, बारीक आणि एकसारख्या पोताचे. बारीक अक्षरे, मोजपट्ट्या, लहान चक्रे यांना योग्य.

साग: टिकाऊ, वाळवीला न जुमानणारा, बेताचा जड. मात्र सागाच्या पेशींत सिलिकाचे, म्हणजे वाळूच्याच पदार्थाचे बारीक कण असतात. त्यामुळे तो कठीण नसूनही कटरची धार लवकर खातो. सागासाठी साध्या पोलादाऐवजी कार्बाइडचा कटर घ्यावा.

आंबा: स्वस्त, सहज मिळणारा. तंतू मात्र काही ठिकाणी उलटसुलट फिरलेले असतात. तेथे ढलपी खोलवर उपटली जाते. आंबा चांगला वाळवलेलाच घ्यावा.

बाभूळ आणि शिसव: जड, कठीण. आस, बुडखे, घर्षण सोसणारे भाग यांसाठी घ्यावेत. लहान यंत्राने सावकाश कापावे लागतात.

प्लाय: पातळ थर एकमेकांना काटकोनात चिकटवलेले असतात. त्यामुळे ते दोन्ही दिशांनी सारखेच मजबूत असते आणि ओलाव्याने फारसे हलत नाही. स्वस्त प्लायमध्ये आत पोकळ्या असतात. विकत घेण्याआधी कडा नीट पाहाव्यात.

एमडीएफ: लाकडाचा लगदा डिंकाने दाबून केलेला तक्ता. त्याला तंतूंची दिशा नसते, त्यामुळे कापताना कोठेच अडत नाही. पण त्याची धूळ फार बारीक असते आणि पाणी लागले की तो फुगून निकामी होतो.

जुन्या इमारती पाडल्या जातात तेव्हा सागवानी चौकटी विकायला येतात. हे लाकूड अनेक वर्षे वाळलेले असते, म्हणून फार चांगले. परंतु आत मोडके खिळे असतात. एकाच खिळ्याने कटर तुटतो आणि तुकडा डोळ्यांकडे उडू शकतो. असे लाकूड यंत्रावर ठेवण्यापूर्वी त्यावरून चांगले चुंबक सावकाश फिरवावे. जुना रंग असेल तर त्यात शिसे असण्याचा संभव असतो. तो भाग सुताराकडून बाहेरच रंधून आणावा.

चक्राचे दात का मोडतात?

दातेरी चक्र हे विद्यार्थ्यांचे आवडते काम. ते सागाच्या एका फळीतून कापले तर दिसायला सुरेख होते, पण थोडा जोर लावताच काही दात मोडतात. सगळे नाही, काहीच! कोणते मोडले ते नीट पाहायला सांगावे. फळीच्या दोन टोकांकडचे दात शाबूत असतात, कारण त्यांत तंतू दाताच्या मुळापासून टोकापर्यंत उभे जातात. बाजूचे दात मोडतात, कारण त्यांत तंतू आडवे असतात आणि दात मुळाशी चिरतो.

ही अडचण जुन्या कारागिरांनी ओळखली होती. बैलगाडीचे चाक पाहा. ते एका फळीतून कधीच कापत नाहीत. तुंबा वेगळा आणि प्रत्येक आरा वेगळा, तंतू त्याच्या लांबीत धावतील असा. परिघाचे वाकडे तुकडेही वेगळे आणि सर्वांवर लोखंडी धाव. इंग्लंडमध्ये जॉन हॅरिसन याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीस लाकडी घड्याळे बनवली. त्यांच्या ओकच्या चक्रांत त्याने काही-काही दातांचे गट वेगळे कापून परिघात बसवले, जेणेकरून प्रत्येक दातात तंतू बाहेरच्या दिशेने धावतील.

आपल्याला इतके कष्ट घ्यायची गरज नाही. चांगले प्लाय घेतले की निम्मे थर एका दिशेने आणि निम्मे काटकोनात असतात. त्यामुळे प्रत्येक दातात काही थर तरी आधार देतात. चक्रासाठी म्हणूनच प्लाय योग्य. सागाचे सौंदर्य हवेच असेल तर वर पातळ सागाचा पत्रा चिकटवावा.

वेगाचे एक सोपे सूत्र

आता यंत्राला द्यायच्या आकड्यांकडे वळू. येथे तीन आकडे महत्त्वाचे असतात: स्पिंडलचे मिनिटाला फेरे, कटर पुढे सरकण्याचा वेग, म्हणजे फीड, आणि एका फेरीत कापायची खोली. पहिले दोन एकमेकांना बांधलेले असतात. त्यांना जोडणारी गोष्ट म्हणजे प्रत्येक दात काढतो त्या ढलपीची जाडी.

फीड = मिनिटाला फेरे × कटरचे दात × ढलपीची जाडी

समजा, फेरे १०,००० आहेत, कटरला दोन दात आहेत आणि ढलपी ०.०४ मि.मी. जाड हवी आहे. फीड झाले १०,००० × २ × ०.०४ = ८०० मि.मी. दर मिनिटाला.

नवा माणूस साहजिकच भितो आणि फीड कमी ठेवतो, म्हणजे २००. त्याला वाटते, सावकाश कापले तर यंत्राला त्रास कमी. सूत्रात घालून पाहा. ढलपी ०.०१ मि.मी. जाड उरते. नव्या धारेलाही किंचित गोलाई असते. ती काही मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजण्याइतकी असते, आणि धार झिजली की वाढत जाते. ढलपीची जाडी त्या गोलाईच्या जवळपास आली की दात कापत नाही, नुसता घासतो. घासल्याने उष्णता होते, लाकूड काळे पडते, धार आणखी बोथट होते आणि मग घासणे आणखी वाढते. बोथट पटाशी सुतार जोर न देता लाकडावर घासत बसला तर जे होईल, तेच येथे मिनिटाला वीस हजार वेळा होते.

जाड ढलपीचा आणखी एक फायदा आहे. कापताना निर्माण झालेली बरीच उष्णता ढलपीबरोबर बाहेर पडते. पीठ पडत असेल तर ती कटरमध्येच साठते. म्हणून कापणी चालू असताना खाली काय पडते ते पाहावे. बारीक, कुरकुरीत ढलप्या पडत असतील तर वेग योग्य आहे. पीठ पडत असेल आणि जळका वास येत असेल, तर फीड वाढवावे किंवा फेरे कमी करावेत. कर्कश आवाज येऊन यंत्र थरथरत असेल, तर खोली कमी करावी. एमडीएफ मात्र याला अपवाद. त्याचे नेहमी पीठच पडते.

३ मि.मी. जाडीच्या, दोन दातांच्या कार्बाइड कटरसाठी आणि १०,००० फेऱ्यांसाठी सुरुवातीचे आकडे असे धरावेत:

सावर, पांगारा, शिवण: ढलपी ०.०५ मि.मी., फीड १०००, खोली १.५ मि.मी.
एमडीएफ: ढलपी ०.०५ मि.मी., फीड १०००, खोली १ मि.मी.
साग, आंबा, हेदू, प्लाय: ढलपी ०.०४ मि.मी., फीड ८००, खोली १ मि.मी.
बाभूळ, शिसव: ढलपी ०.०३ मि.मी., फीड ६००, खोली ०.५ मि.मी.

हे आकडे म्हणजे कायदा नव्हे. यंत्र किती ताठ आहे त्यावर ते बदलतात. टाकाऊ तुकड्यावर दहा सें.मी. लांबीच्या चार-पाच खाचा वेगवेगळ्या फीडने पाडाव्यात आणि कडा भिंगाखाली पाहाव्यात. ज्या खाचेची कड सर्वांत स्वच्छ, तो आकडा आपल्या यंत्राचा.

वेळेचा हिशेबही करता येतो. ९ मि.मी. प्लायमधून सुमारे ८८ मि.मी. व्यासाचे, वीस दातांचे चक्र कापायचे आहे. दातांची वळणे धरून कड सुमारे ५०० मि.मी. भरते. १ मि.मी. खोलीने नऊ फेऱ्या, म्हणजे ४५०० मि.मी. प्रवास. ८०० ने भागले की साडेपाच मिनिटांच्या थोडे वर. तेच बाभळीत अठरा फेऱ्या, ९००० मि.मी. प्रवास आणि ६०० चे फीड, म्हणजे पंधरा मिनिटे. वळणांवर यंत्र मंदावते, म्हणून प्रत्यक्षात वेळ थोडा अधिक लागतो. पन्नास मुलांच्या वर्गात आणि एका यंत्रावर हा फरक फार मोठा आहे.

कटर वाकतो

पोलादी पट्टी टेबलाच्या कडेबाहेर १० सें.मी. काढून टोकाला वजन टांगा. ती किती वाकते ते मोजा. मग २० सें.मी. बाहेर काढून तेच वजन टांगा. वाकणे दुप्पट होत नाही, सुमारे आठपट होते. कारण वाकणे लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. कटरही असाच एका टोकाला धरलेला दांडा आहे. तो गरजेपेक्षा लांब बाहेर काढला की खाचेची कड तिरकी येते आणि एखाद्या गाठीशी कटर मोडतो. जाडीचा परिणाम त्याहून मोठा असतो. गोल दांड्याची जाडी दुप्पट केली की तो सोळापट ताठ होतो. म्हणून जेवढा जाड कटर आकारात मावेल तेवढा घ्यावा आणि जेवढा आखूड धरता येईल तेवढा धरावा. बारीक कटर फक्त बारीक कोपऱ्यांसाठी राखावा.

तरीही थोडे वाकणे राहतेच. त्यावर उपाय म्हणजे पहिल्या फेऱ्यांत मापापेक्षा ०.२ मि.मी. जास्त लाकूड ठेवावे आणि शेवटी पूर्ण खोलीची एक हलकी फेरी घ्यावी. त्या फेरीत कटरवर जोर थोडा पडतो, त्यामुळे माप नेमके येते.

कटर कोणत्या बाजूने फिरवावा, हाही प्रश्न येतो. कटरच्या तुलनेत लाकूड ज्या दिशेने सरकते त्या दिशेविरुद्ध दात कापत असेल तर ढलपी पातळ सुरू होऊन जाड होत जाते. दात त्याच दिशेने कापत असेल तर ती जाड सुरू होऊन पातळ होते. दुसऱ्या पद्धतीत लाकडाची कड कमी उपटते, पण कटर यंत्राला पुढे ओढतो. स्क्रूमध्ये ढिलाई असलेल्या हलक्या यंत्रात त्यामुळे झटके बसतात. म्हणून मोठी कापणी पहिल्या पद्धतीने आणि शेवटची हलकी फेरी दुसऱ्या पद्धतीने, ही विभागणी बरी.

कटरच्या पिळाकडेही पाहावे. ढलपी वर फेकणारा पीळ खाच स्वच्छ ठेवतो, पण प्लायचा वरचा थर फाडतो. खाली दाबणारा पीळ वरची बाजू सुबक ठेवतो, पण खोल खाचेत भुसा कोंबतो. वरची बाजू दिसणार असेल तर दुसरा, खोल खाच असेल तर पहिला.

भाग एकमेकांत बसावेत म्हणून

नऊ मि.मी. म्हणून विकलेले प्लाय व्हर्निअरने मोजले तर पुष्कळदा नऊ भरत नाही. त्यामुळे आराखड्यात ९ लिहून चालत नाही. तक्ता पाच ठिकाणी मोजावा. ८.७ मि.मी. आला, तर ८.६ पासून ९.० पर्यंत ०.१ च्या फरकाने पाच खाचा एका तुकड्यावर पाडाव्यात आणि कोणती घट्ट बसते ते हाताने पाहावे. हा तुकडा फेकू नये, भिंतीवर टांगावा.

दुसरी गोष्ट कोपऱ्यांची. गोल कटर आतला काटकोन कधीच कापू शकत नाही. कोपऱ्यात त्याच्या त्रिज्येएवढी गोलाई उरते आणि चौकोनी भाग त्यात बसत नाही. उपाय दोन आहेत. एक, कोपऱ्यात कटर थोडा आत घालून लहान गोल खळगा करावा. दुसरा, शेवटचा काटकोन पटाशीने हाताने काढावा. दुसरा उपाय मुलांनी एकदा तरी करावा. धार लावलेली पटाशी तंतूंच्या दिशेने आणि आडवी कशी वेगळी चालते, हे हाताला एकदा कळले की वरची सगळी चर्चा विसरायला होत नाही.

धूळ, आवाज आणि आग

लाकडाची धूळ निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये तिला माणसात कर्करोग घडवू शकणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. वर्षानुवर्षे धुळीत काम करणाऱ्या कामगारांना नाकाच्या पोकळीचा कर्करोग झाल्याच्या नोंदींवरून हा निष्कर्ष निघाला. शिसवाच्या धुळीने काहींच्या त्वचेला खाज सुटते. एमडीएफच्या डिंकात फॉर्मल्डिहाइड असते. तेव्हा कटरजवळ धूळ ओढणारी नळी लावावी, चांगला मास्क वापरावा आणि भुसा झाडूने उडवू नये. फर्निचरच्या दुकानात दिवसभर काम करणाऱ्या कारागिरांनाही हे सांगावे. आपल्या विद्यार्थ्यांपैकी काहींचे वडील तेथेच काम करत असतील.

डोळ्यांना चश्मा हवाच. फिरत्या स्पिंडलजवळ हातमोजे घालू नयेत, ते गुंडाळले जातात. ओढणी, सैल बाह्या आणि मोकळे केस बांधून घ्यावेत. लाकूड टेबलाला पट्ट्यांनी घट्ट आवळावे. पूर्ण कापलेला भाग शेवटच्या क्षणी सुटून उडू नये म्हणून त्याला दोन-तीन ठिकाणी लहान दुवे ठेवून नंतर ते हाताने तोडावेत. यंत्र चालू ठेवून कोणीही खोलीबाहेर जाऊ नये. घासून तापलेल्या भुशातली ठिणगी धूळ ओढणाऱ्या पिशवीत तासभर धुमसत राहू शकते. ती पिशवी वर्ग संपल्यावर बाहेर रिकामी करावी.

सुताराला वर्गात बोलवा

या सर्व गोष्टींपैकी बऱ्याचशा आपल्या भागातील कोणत्याही अनुभवी सुताराला ठाऊक असतात. तो फळी हातात घेऊन ओली की सुकी सांगतो, टोकाकडची वलये पाहून ती पुढे कोणीकडे वाकेल ते सांगतो, रंध्याखाली येणाऱ्या छिलक्याच्या आवाजावरून धार ओळखतो. आकडे त्याच्याकडे नसतात, ते शाळेकडे असतात. यंत्रामुळे त्याचे हे ज्ञान जुने होत नाही. उलट यंत्र चालवायला तेच लागते. पालेगाव, अंबरनाथ, उल्हासनगरच्या शाळांना तर असा माणूस शोधायला लांब जावे लागणार नाही. एका दुपारी त्याला प्रयोगशाळेत बोलवावे, लाकडाचे सहा तुकडे समोर ठेवावेत आणि मुलांनी घनता, ओलावा व फीड मोजण्याआधी त्याने काय सांगितले ते लिहून घ्यावे. नंतर दोन्ही ताडून पाहावे.

यंत्राशेजारी एक वही ठेवावी. प्रत्येक कामासाठी तारीख, लाकूड, त्याची घनता आणि ओलावा, कटर, फेरे, फीड, खोली आणि निकाल असे रकाने आखावेत. निकालात बिघडलेले कामही प्रामाणिकपणे लिहावे, कारण पुढच्या वर्षीच्या मुलांना त्याचाच जास्त उपयोग होतो. दोन पावसाळे आणि दोन हिवाळे त्या वहीत आले, की आपल्या शाळेजवळ आपल्या हवेचे, आपल्या लाकडांचे आणि आपल्या यंत्राचे असे कोष्टक तयार होईल जे कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही.